तिला तिच्या अंगणात कळू दे

प्रिय नाबीफो,

'प्रिय' हा शब्द मी विचार करून लिहिला आहे, सवयीने नाही. माझी बायको, तुझी बहीण नागुदी गेल्यानंतर तुला पत्र लिहिण्याचा हा पहिलाच प्रसंग, आणि तो शेवटचाही ठरावा अशी माझी इच्छा आहे. फोनवर बोलता आले असते. परंतु फोनवर तू मधेच रडू लागतेस आणि समोरच्याचे वाक्य पुरे होऊ देत नाहीस. कागदापुढे कितीही रडले तरी तो पुढचे वाक्य सांगतोच. तुझ्या मुलाविषयी, कुलोबाविषयी, येत्या ऑगस्टमध्ये सुंतेसाठी तो सुरीपुढे उभा राहणार आहे त्याविषयी, मला तुला एक गोष्ट सांगायची आहे. ती मी शेवटी सांगणार आहे. आधी सांगितली तर तू हे पत्र चुलीत घालशील. ढोल सुरू होण्याच्या आत वाच, आणि शेवटपर्यंत वाच.

इकडची हकीकत विचारशील तर सांगण्यासारखी थोडीच आहे. नागुदीच्या कबरीवरचे सिमेंट वाळले. तिने लावलेल्या कॉफीच्या झाडांना यंदा भरपूर फळ धरले आहे, आणि ते तोडायला घरात कोणी नाही. कॉफी संघाने मला निवृत्त केले तरी नमुने चाखायला अजून अधूनमधून म्बालेला बोलावतात. मी जातो, चमच्याने ओढतो, थुंकतो, गुण लिहितो आणि परत येतो. संध्याकाळी दोन माणसांची केळी उकडली जातात. हात सवयीने उकडतो, आणि उरलेली मी सकाळी शेळीला घालतो. तिच्या अंत्यविधीला तू इतक्या मोठ्याने आक्रोश केलास की पाद्रीबाबांना प्रार्थना थांबवावी लागली. लोक म्हणाले, "बहीण असावी तर अशी." मी काही बोललो नाही. आज बोलणार आहे.

जे घडले ते तुझ्या डोळ्यांदेखत घडले, तरीही मी ते क्रमाने लिहीत आहे, कारण तुझ्या स्मरणावर माझा विश्वास उरलेला नाही. आमचा मुलगा मुदोमा लहान होता तेव्हा मी त्याला संघाच्या चाखणीच्या खोलीत नेत असे. आपल्या मागे त्याने हेच काम करावे अशी माझी इच्छा होती. टेबलावर पेले मांडून मी विचारी, "बोल, यातला कुठला जळका? कुठल्याला बुरशी लागलीय?" तो बिचारा प्रत्येक पेल्यावर वाकून वाफ घेई, डोळे मिटे, आणि शेवटी म्हणे, "बाबा, सगळे गरम आहेत." मला वाटे पोराचे लक्ष नाही. एकदा तुमच्या घरी जेवताना मी ही गोष्ट गंमत म्हणून सांगितली, आणि तू हातातला घास ताटात टाकून हसत सुटलीस: "अगं बाई! भावोजी, नाकावर पोट भरणाऱ्याच्या घरी बिननाकाचा जन्मला की हो! दवाखान्यातनं बदलून तर नाही ना आणलात?" सगळे हसले. मीही हसलो. त्या दिवशी जेवणात धुरावलेल्या बांबूच्या कोंबांची भाजी होती, तिचा वास दाराबाहेरपर्यंत येत होता. मुदोमाने ताटावरचे झाकण काढण्याआधी विचारले, "आज काय केलंय?" ते कोणाच्याच ध्यानात आले नाही.

पुढे त्याच्या वर्गातल्या मुलांचे आवाज फुटले, ओठांवर लव आली, खांदे रुंदावले. मुदोमाचे हातपाय तेवढे लांबत गेले, बगळ्यासारखे. बाकी सगळे बारा वर्षांच्या पोराचेच राहिले. फोन त्याने उचलला की पलीकडचे त्याला नागुदी समजून बोलू लागत. त्याच्या मित्रांनी त्याच्यासमोर कपडे बदलायचे सोडले, नंतर त्याने त्यांच्यासमोर जायचे सोडले. नागुदी मला म्हणे, "अहो, याला डॉक्टरकडे नेऊ या का?" आणि सगळे कुळ म्हणे, डॉक्टर कशाला, सुरी आहे ना. आपल्या डोंगरात माणूस सुरीने होतो. दाढी, आवाज, छाती ही सगळी सुरीमागून येणारी वरात आहे, असे आपण पिढ्यान्‌पिढ्या मानत आलो. ज्याची वाढ अडली त्याला सुरीची वाट दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुझ्यासारखीच नागुदीही त्या समजुतीत वाढलेली होती. म्हणून अठराव्या वर्षी, सुंतेच्या रीतीचे सम वर्ष आले तेव्हा, ऑगस्टमध्ये त्याने मांड्यांना घंटा बांधल्या, नातेवाईकांच्या दारोदारी नाचून आमंत्रणे दिली, आणि ठरल्या सकाळी अंगावर नाचणीचे आंबवण फासून तो आमच्या अंगणात उभा राहिला.

तो उभा कसा राहिला, हे तुला आठवत नसेल, म्हणून सांगतो. तो उत्तम उभा राहिला. डोक्यावर आडवी काठी दोन्ही हातांनी धरलेली, नजर डोंगराच्या माथ्यावर, पापणीसुद्धा स्थिर. म्हातारा वासिके सुरी घेऊन समोर आला, उकिडवा बसला, त्याने पाहिले, आणि सुरी परत म्यानात घातली. साऱ्या गावाला ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हे काय आणून उभं केलंय माझ्यापुढं? मी माणसं कापतो, तान्ही पोरं नाही. घेऊन जा याला, दूध पाजा!" नाबीफो, त्या अंगणात आपल्या दोन्ही कुळांचे सारे लोक होते, त्याच्या शाळेचे लोक होते, बाजारातले लोक होते, आणि तो सर्वांसमोर उघडा उभा होता. कोणीतरी आधी हसला. मग सगळे हसले. आणि मग तू गाणे जुळवलेस. तुला गाणी जागच्या जागी सुचतात, ते कौतुक मीही पूर्वी करीत असे. "मुदोमाचा मका दाण्यावर येईना, राखणदार म्हातारे झाले गं, राखणदार म्हातारे झाले." बायकांनी ते उचलले. त्या वर्षी ते गाणे पुढच्या सगळ्या अंगणांत गायले गेले. चाल चांगली होती.

दोन वर्षांनी पुन्हा सम वर्ष आले. या वेळी तयारी तू अंगावर घेतलीस. तुझे म्हणणे असे की मागल्या खेपेस मुळी कमी पडली. डोंगरातली ती मुळी पोरांना सुरीपुढे उभे राहण्याची खुमखुमी यावी म्हणून नाचणीच्या दारूत घालून देतात, हे सर्व जाणतात; परंतु तू ती रोज दिलीस, दुप्पट दिलीस. "पी रे, पी. पोटात आग पडली की खाली आपोआप उजाडतंय." तो ओकत असे आणि पुन्हा पीत असे, कारण त्याला उजाडायला हवे होते. वासिके त्या सकाळी उकिडवासुद्धा बसला नाही. उभ्या उभ्याच म्हणाला, "परत तेच? अरे, माझे गुडघे दुखतात रे बाबांनो. याला शेरडांमागं पाठवा." मग तू गर्दीतून पुढे आलीस. कमरेचे पिवळे लेसू सोडलेस, आतल्या झग्यावर उभी राहिलीस, आणि ते लेसू त्याच्या कमरेला गुंडाळून पुढे गाठ मारलीस. "घे गं बाई माझे, झाकून घे. गारठशील." त्या हशाएवढा मोठा हशा मी आयुष्यात ऐकलेला नाही. तुझा कुलोबा तेव्हा तुझ्या हाताला धरून होता, दहा वर्षांचा. त्याला काही कळत नव्हते, म्हणून तो सर्वांत जास्त हसला.

मुदोमा रडला नाही. ते लेसू सोडले असते तर तो पुन्हा उघडा पडला असता, म्हणून ते नेसूनच तो गर्दीतून चालत घरात आला. आत येऊन त्याने ते काढले, घडी घातली आणि आईच्या हातात दिले. म्हणाला, "मावशीचं आहे. धुऊन परत दे." नागुदीने ते धुतले. परत दिले नाही. तू कधी मागितलेही नाहीस. नंतरची सगळी वर्षे आमच्या स्वयंपाकघराच्या दारात जे पायपुसणे पडलेले असे, ते काय होते असे तुला वाटते? तू प्रत्येक भेटीत त्यावर पाय पुसून आत येत होतीस आणि बहिणीच्या हातचा चहा पीत होतीस. नागुदी तुझ्या पायांकडे बघे, मग माझ्याकडे बघे, आणि साखर किती घालू असे विचारी.

त्याच वर्षी आम्ही त्याला कंपालाला नेले. डॉ. नामातोवू नावाच्या बाई होत्या, माझी मुलगी शोभावी अशा वयाच्या. मला वाटले, या त्याला आधी कपडे काढायला सांगणार, आणि मुदोमानेही तेच समजून गुंड्यांना हात घातला. त्या म्हणाल्या, "राहू दे. आधी मला सांग, तुला वास येतो का?" त्याने माझ्याकडे पाहिले. त्यांनी साबण आणला, लवंग आणली, डोळे मिटायला सांगून एकेक त्याच्या नाकाशी धरले. माझ्या पिशवीत संघाचा नमुना होता, सकाळीच भाजून दळलेला. साऱ्या खोलीत तो दरवळत होता. तोही त्यांनी मागून घेतला आणि त्याच्या नाकाखाली धरला. मुदोमा खोल श्वास ओढून म्हणाला, "काहीतरी कोरडं आहे. माती?" मी तीस वर्षे नाकाने पोट भरले, नाबीफो, आणि माझ्या घरात एक मूल वीस वर्षे वासावाचून वाढले.

बाईंनी आम्हाला जे समजावले ते मी तुला शक्य तितके नेमके सांगतो, कारण ते तुला लागणार आहे. शरीराला वयात येण्याचा हुकूम देणाऱ्या पेशी मेंदूत जन्मत नाहीत. मूल पोटात असताना त्या नाकाच्या मुळाशी जन्मतात आणि वासाच्या नसांचा हात धरून मेंदूपर्यंत चालत जातात. काही मुलांत त्या नसाच धड वाढत नाहीत. मग हुकूम देणारे वाटेतच बसून राहतात. पुढे वय आले, तरी मेंदूकडून निरोप सुटत नाही, आणि निरोप आला नाही म्हणून खालचा कारखाना सुरू होत नाही. पुरुषाच्या अंगात जो रस उतरायचा तो उतरत नाही. दाढी नाही, आवाज नाही, बळ नाही. हाडेसुद्धा आतून ठिसूळ होत जातात. बाई त्याला म्हणाल्या, "तू आळशी नाहीस, शापित नाहीस, बायकीही नाहीस. तुझ्या शरीराला कुणी उठवलंच नाही. आपण सुई देऊन उठवू. कायम घ्यावी लागेल, पण तू उठशील. लेकरांसाठी वेगळी सुई असते, तेही पुढं बघू." त्यांनी आणखी एक ताकीद दिली: ज्याला वास येत नाही त्याने गॅसपासून, रॉकेलपासून, शिळ्या अन्नापासून जन्मभर जपून राहावे. आणि निघताना त्यांनी नागुदीला एक प्रश्न विचारला. तो मी पुढे सांगेन.

सुई द्यायला नागुदी स्वतः शिकली. परिचारिकेने दाखवले तसे आधी केळीच्या गाभ्यात टोचून हात बसवला, मग मुलाच्या मांडीत. काही महिन्यांतच घरात एक अनोळखी आवाज ऐकू येऊ लागला. मी दोनदा दार उघडून बाहेर कोण आले ते पाहिले. ओठावर लव आली. तो दर सकाळी माझ्या दाढीच्या आरशापुढे उभा राहून तिच्यावर बोट फिरवी. आई ओरडे, "पुरे झालं रे, घासून जाईल!" तो जाड आवाजात हसे. त्याने म्बालेत बसस्थानकाजवळच्या एका खाणावळीत काम धरले, आणि एका रविवारी एकटाच वासिकेच्या घरी गेला. म्हणाला, "बघा आता." म्हाताऱ्याने पाहिले आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवला. "आलास खरा. ऑगस्टात ये." ही गोष्ट त्याने घरी येऊन आम्हाला तीनदा सांगितली. तुला आम्ही ती सांगितली नाही. ऑगस्टमध्ये तुला दिसलीच असती.

मार्चमध्ये खाणावळीच्या गॅसच्या टाकीची नळी रात्रभर गळत राहिली. सकाळी उघडायची पाळी त्याची होती. शेजारी मोटारसायकल पुसत उभा असलेला पोरगा पोलिसांना म्हणाला, "मी ओरडलो त्याला, दादा, वास मारतोय, आत जाऊ नको. तो हसला. म्हणाला, 'मला तर काही नाही येत,' आणि काड्याची पेटी घेऊन आत गेला." बाईंची ताकीद त्याला ठाऊक होती. नागुदी दर सुईला ती म्हणून दाखवी, आणि तो दर वेळी म्हणे, "आई, मला आता मिशी आलीय. आणखी काय पाहिजे?" बाविशीतले कोणतेही पोर असेच म्हणाले असते. त्याला पोर म्हणता येण्याजोगे ते पहिलेच वर्ष होते.

पुढचे तुला आठवतच असणार, तरी लिहितो. वडीलधारे म्हणाले, न कापलेल्याला बापजाद्यांच्या रांगेत पुरता येत नाही. केळीच्या बागेच्या कुंपणापलीकडे पुरावा लागेल. पाद्रीबाबा बाहेर जाऊन मोटारीत बसले. मी शिकलेला मनुष्य आहे, ख्रिस्ती आहे, आणि मला माझा मुलगा माझ्या बापाशेजारी हवा होता. म्हणून मेल्यावर त्याची सुंता करायला मी होकार दिला, आणि आजही देईन. वासिके आला. जिवंतपणी त्याने दोनदा नाकारलेल्याला तो मेल्यावर हात धुऊन कापायला आला, आणि हे त्याचे कर्तव्य होते असेच मी मानतो. चादर मी धरली होती. चादरीवरून मला सगळ्यांची तोंडे दिसत होती. मागून कोणीतरी हलकेच म्हणाले, "पापणीसुद्धा लवली नाही बघा याची," आणि दोघांतिघांनी हसू दाबले. काम झाले तेव्हा एकाने सवयीने शिट्टी वाजवली, अंगणात वाजवतात तशी. आणि शिट्टी ऐकून तू ललकारी दिलीस. लांब, उंच, आनंदाची. पोर माणूस झाला की मावशी देते ती. सवयीने दिलीस की कशाने, हे मी तुला आजवर विचारले नाही, आणि आताही विचारीत नाही. आत मुलाचे कपडे घडी करीत बसलेल्या नागुदीने ती ऐकली. त्या दिवसानंतर ती तुझ्याशी एक शब्दही वाकडा बोलली नाही, हे तुझ्या ध्यानात आले होते का?

आता तो प्रश्न. डॉ. नामातोवूंनी नागुदीला विचारले होते, "तुम्हाला बहीण आहे का? तिला मुलगा आहे का?" हा दोष पुष्कळदा आईच्या बाजूने येतो, त्या म्हणाल्या, आईला काही होत नाही, तिच्या मुलाला होते, आणि तिच्या बहिणीच्या मुलालाही होऊ शकते. नागुदीला तेव्हाच तुमचा मामा आठवला. तुम्ही दोघी ज्याच्या खोड्या काढीत असा, तो. जन्मभर दुसऱ्यांची शेरडे राखणारा, ज्याला केस पांढरे झाले तरी सगळे 'पोरगा' म्हणत, जो नासलेले दूध गोड मानून पिई. बाई म्हणाल्या, "बहिणीला सांगा. लहानपणीच कळलं तर मुलाचे इतके हाल होत नाहीत." परतीच्या बसमध्ये मुदोमा खिडकीशी झोपला होता. नागुदी मला म्हणाली, "सांगायचं नाही." मी म्हणालो, अजून ते मूल दहा वर्षांचे आहे. ती म्हणाली, "माझंही कधीतरी दहा वर्षांचं होतं." मुदोमाला पुरल्यावर मी पुन्हा विषय काढला. गेल्या नोव्हेंबरमध्ये, साखरेने तिची मूत्रपिंडे निकामी केली आणि इस्पितळाने घरी न्या म्हणून सांगितले, तेव्हा मी तिसऱ्यांदा काढला. तिने माझे मनगट धरले. तिच्या हातात इतके बळ उरले असेल असे मला वाटले नव्हते. "शब्द द्या," ती म्हणाली. "तिला तिच्या अंगणात कळू दे." मी शब्द दिला. सदतीस वर्षांच्या संसारात तिने माझ्याकडे दुसरे काही मागितलेले मला आठवत नाही. मी तो पाळणारही होतो. हे पत्र लिहिताना मला लाज वाटते ती त्याची नाही. लाज याची वाटते की ऑगस्टची मी वाट पाहू लागलो होतो; हे तुला कळलेले बरे.

मागल्या आठवड्यात कुलोबा घंटा वाजवीत, सोबत्यांसह माझ्या अंगणात नाचायला आला. मावशीच्या नवऱ्याला आमंत्रण द्यावे लागते, रीत आहे. नाचून दमला आणि पाणी प्यायला स्वयंपाकघरात शिरला. कंदिलाजवळ पेल्यात रॉकेल काढून ठेवले होते. त्याने ते उचलून तोंडाला लावले. मी हातावर फटका मारून पेला उडवला. दारातली पोरे ओरडली, "अरे गाढवा, रॉकेल पितोस?" तो बारीक, कोवळ्या आवाजात हसला, "पाण्यासारखंच दिसत होतं की!" आंबवणाखाली त्याचा ओठ मी पाहिला, त्याचे लांब हात पाहिले. सोबत्यांना मी बाहेर घालवले, ताजी कॉफी दळली, पेला भरून त्याच्या नाकाखाली धरला आणि विचारले, वास कसा आहे? त्याने डोळे मिटले. मला बरे वाटावे म्हणून त्याने खरोखर प्रयत्न केला, नाबीफो. मग म्हणाला, "काका, गरम आहे."

तेव्हा हे पत्र मी तुझ्यासाठी लिहिलेले नाही. तुझ्यासाठी मी एक ओळही लिहिली नसती. नागुदीचा शब्द मी त्या एका वाक्यासाठी मोडला आहे, आणि त्याचा जाब मी तिलाच देईन, लवकरच देईन. त्याला यंदा उभा करू नकोस. ढोल थांबव, दारू ओतून दे, लोक हसले तर हसू दे. त्यांना गाणे तूच दिलेले आहेस. मुळी देऊ नकोस, बाजारातल्या ताकदीच्या गोळ्या देऊ नकोस. कंपालाला डॉ. नामातोवूंकडे ने, मुदोमाचे नाव सांग. सुया सुरू झाल्या तर पुढल्या सम वर्षी तुझा मुलगा माणसासारखा उभा राहील आणि वासिके नसला तरी त्याचा मुलगा सुरी बाहेर काढील. तोवर त्याला चुलीपासून आणि गॅसपासून जप. मी सांगितले, एवढ्याने माझे काम संपले; ऐकणे न ऐकणे तुझ्याकडे आहे. या पत्रासोबत तुझे पिवळे लेसू पाठवीत आहे. दोनदा धुतले आहे, तरी मधोमध पायांचे डाग राहिले आहेत. तू ऐकले नाहीस, तर ऑगस्टमध्ये त्या सकाळी अंगणात एका मुलाला ते लागेल. ते तुझ्याजवळ असावे.

नागुदीचाच, आणि केवळ तेवढ्याच नात्याने तुझा,
योनासानी वोनियाला